कुरव पाहावेत मिरकरवाड्यात

रत्नागिरीतून हल्ली दरवर्षी कुणी ना कुणी केनिया-टांझानियाला सफारीला जातं. परत आले की फोटो बघायला बोलावणं येतं आणि मी आवडीने जातो. अशाच एका संध्याकाळी एका स्नेह्यांनी व्हिक्टोरिया सरोवराकाठचा फोटो दाखवला. पाण्यात पाणघोडे डुंबत होते आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. मला मात्र काठावरच्या दगडावर उभा असलेला पक्षी दिसला. काळपट करड्या पाठीचा, पिवळ्या पायांचा, जाड पिवळ्या चोचीच्या टोकाशी लाल ठिपका असलेला मोठा कुरव. स्नेह्यांना म्हटलं, "हा तर आपल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर रोज असतो." त्यांचा विश्वास बसेना. तेव्हापासून या विषयावर सविस्तर लिहायचं मनात होतं.

मिरकरवाडा हे रत्नागिरीचं मासेमारी बंदर. रत्नदुर्गाचं भूशिर समुद्रात घुसलं आहे, त्याच्या आडोशाला ते वसलं आहे. ट्रॉलर, पर्ससीन आणि गिलनेटवाल्या नौका इथे लागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, त्यानंतर नारळी पौर्णिमा झाली की हंगाम रंगायला लागतो. जानेवारी २०२५ मध्ये मत्स्यव्यवसाय विभागाने बंदराच्या जागेतली अतिक्रमणं हटवली आणि परिसर पुष्कळ मोकळा झाला. बंदराचं अर्थकारण, पर्ससीनचा वाद, खलाशांचे प्रश्न हे सगळे मोठे विषय आहेत, जाणकारांनी त्यांवर लिहिलेलंही आहे. मला सांगायचं आहे ते पाण्यावर बसलेल्या पाखरांबद्दल.

डिसेंबरात उजाडताना जेटीवर उभं राहावं. नौका आत येत असतात, बर्फाचे क्रेट खाली उतरत असतात, बांगडा-तारलीचे ढीग पडत असतात, लिलावाचा गलका चालू असतो. या गलक्यात पक्ष्यांच्या जागा ठरलेल्या असतात. नौकेच्या काठावर आणि दोरखंडांवर समुद्र बगळे बसतात, काही पाटीच्या दगडासारखे करडे, काही पांढरेशुभ्र. रंग दोन असले तरी जात एकच. कावळे माणसांच्या पायात. वर घिरट्या घालणाऱ्या घारी दोन तऱ्हेच्या: मळकट तपकिरी साधी घार आणि पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची ब्राह्मणी घार. ही ब्राह्मणी घार पाण्यावर कधी बसत नाही. पंजाने मासा अलगद उचलते आणि उडता उडताच पंजा चोचीशी नेऊन खाते. आणि नौकेच्या मागे, जाळी धुतलेल्या तेलकट पाण्यावर, कुरवांचा थवा. घार पाण्यावर उतरत नाही आणि कुरव तर पाण्यावरच राहतो, त्यामुळे जाळ्यातून निसटलेला बारीक मासा कुणाच्या वाट्याला जाणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. भांडणं होतात ती मोठ्या माशांवरून. मोठा कुरव तर दुसऱ्याच्या चोचीतलाही ओढून नेतो.

लोक सगळ्यांना सरसकट 'सीगल' म्हणून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या एका थव्यात निदान चार-पाच प्रकार असतात आणि प्रत्येकाचं माहेर वेगळं.

सर्वांत जास्त दिसतो तो तपकिरी डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचं डोकं तपकिरी नसतंच, पांढरं असतं आणि डोळ्यामागे काळसर ठिपका असतो. ओळख पटते ती पंखांवरून. पंखांची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठसठशीत ठिपके. प्रौढ पक्ष्याचा डोळाही फिकट असतो. हा पक्षी वीण करतो लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर, त्सो मोरीरी, त्सो कार अशा ठिकाणी. म्हणजे चार हजार मीटरहून उंच जागी जन्मलेला जीव समुद्रसपाटीला येऊन आपली तारली खातो. त्याच्यासोबत काळ्या डोक्याचा कुरव असतो, थोडा लहान, पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पट्टी असलेला. तिसरा लांब चोचीचा, ज्याच्या डोक्यावर कुठल्याच ऋतूत गडद टोपी चढत नाही. मार्चमध्ये गेलात तर पहिल्या दोघांची डोकी एकेक करून रंगताना दिसतात. त्या दिवसांत एका थव्यात पांढरं, अर्धवट मळलेलं आणि पुरतं चॉकलेटी अशी सगळी डोकी असतात. एप्रिल संपता संपता थवा विरतो.

पण माझं मन अडकलं आहे ते थोरल्या कुरवांत. त्यांतला पल्लासचा कुरव ओळखायला सोपा. आकाराने दांडगा, उतरतं कपाळ, पिवळ्या चोचीवर काळा पट्टा आणि टोकाला लाल. कॅस्पियन समुद्रापासून मंगोलियापर्यंतच्या सरोवरांवर त्याची वीण होते. बाकीच्यांची डोकी रंगायच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीत, याचं डोकं काळंभोर होतं आणि डोळ्याच्या वर-खाली दोन पांढऱ्या कोरी उमटतात. त्या रूपातला पक्षी जवळून बघितला की दिवस सार्थकी लागतो.

खरी परीक्षा उरलेल्या दोघांची. एक ह्यूग्लिनचा कुरव, दुसरा स्टेपचा कुरव. हल्लीच्या बहुतेक याद्यांत दोघांनाही एकाच जातीच्या उपजाती मानतात, पण एक येतो उत्तर रशियाच्या टुंड्रातून आणि दुसरा नैर्ऋत्य सायबेरिया व उत्तर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून. ह्यूग्लिनची पाठ गडद, स्टेपची जरा फिकी. पण उन्हाची तिरीप बदलली की करड्या रंगाची छटा बदलते, म्हणून नुसत्या पाठीवर विसंबू नये. पिसं बघावीत. कुरव दरवर्षी पंखांची लांब उड्डाणपिसं आतून बाहेर अशी एकेक करून बदलतो. स्टेपचा कुरव हे काम लवकर उरकतो. ह्यूग्लिनचा मात्र टुंड्रातून उशिरा निघतो, वाटेत पिसांची बदली थांबवतो आणि उरलेली आपल्याकडे येऊन पुरी करतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत. त्यामुळे जानेवारीत एखाद्या थोरल्या कुरवाच्या पंखाची टोकं आखूड, अर्धवट वाढलेली दिसली तर तो ह्यूग्लिनचा असण्याची शक्यता दांडगी. पिल्लांची गोष्ट आणखी वेगळी. थोरल्या कुरवाला प्रौढ पिसारा यायला सुमारे चार वर्षं लागतात आणि दर वर्षी तो वेगळा दिसतो. पहिल्या हिवाळ्यातलं ठिपक्याठिपक्यांचं तपकिरी पिल्लू आणि चौथ्या वर्षाचा स्वच्छ पांढरा पक्षी जेटीच्या एकाच खांबावर बसले तर नवख्याला दोन जाती वाटतात.

थिओडोर फॉन ह्यूग्लिन हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन प्रवासी. उमेदीची वर्षं त्याने सुदान, इथिओपिया, तांबड्या समुद्राच्या परिसरात भटकण्यात घालवली आणि पुढे तो स्पिट्सबर्गन आणि नोवाया झेम्ल्याच्या बर्फाळ मुलखात गेला. १८७६ मध्ये तो वारला. त्याच्या नावाचा पक्षीसुद्धा आर्क्टिकच्या कडेला जन्मतो आणि हिवाळ्यात पूर्व आफ्रिकेपर्यंत जातो. एवढं शोभणारं नाव फार थोड्या पक्ष्यांच्या वाट्याला आलं आहे.

थोरल्या कुरवाच्या चोचीवरच्या त्या लाल ठिपक्याने विज्ञानात मोठं काम केलं आहे. पिल्लू त्या ठिपक्यावर टोचा मारतं आणि मग आई-बाप गिळलेलं अन्न ओकून त्याला भरवतात. निको टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची खोटी डोकी करून, त्यांवरच्या ठिपक्याचे रंग बदलून पिल्लं कशाला भुलतात हे तपासलं. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल लॉरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्यासह त्यांना मिळालं. आणखी एक गोष्ट दुर्बिणीतून स्वतः बघता येते. शांत बसलेल्या कुरवाच्या चोचीच्या टोकाला थेंब लोंबतो आणि तो डोकं झटकून टाकतो. ते खारं पाणी असतं. डोळ्यांच्या वर असलेल्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ गाळतात आणि नाकपुड्यांवाटे बाहेर सोडतात. म्हणूनच हा पक्षी समुद्राचं पाणी पिऊन जगू शकतो.

सुरय पक्ष्यांना इथे थोडक्यात आटोपतो, खरं तर त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावा. भाट्याच्या पुळणीवर, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटीला ते वाऱ्याकडे तोंड करून रांगेत बसतात. चोची बघा: नारिंगी असेल तर छोटा तुरेवाला सुरय, पिवळी असेल तर मोठा तुरेवाला, काळी आणि टोकाला पिवळा ठिपका असेल तर सँडविच सुरय, आणि गाजरासारखी जाड लाल असेल तर कॅस्पियन. चोचीवरून सुरय शिकावा, पंखांवरून कुरव.

मिरकरवाड्यातल्या एका वयस्क तांडेलांना मी एकदा विचारलं, "चाचा, समुद्रात ही पाखरं तुमच्या मागून येतात की तुम्ही त्यांच्या मागून जाता?" ते म्हणाले, "दोन्ही. मासळी भरली की ती मागं, रिकामे असलो की आम्ही मागं." पाण्यावर सुरयांचा कल्लोळ दिसला की खाली तारलीचा थवा असणार, हे कोळ्यांचं पिढ्यानपिढ्यांचं ज्ञान आहे. आता नौकांवर फिशफाइंडर आले आहेत, तरी तांडेल आभाळाकडे बघतोच. या माणसांबद्दल आणखी एक सांगायला हवं. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी म्हणजे व्हेल शार्क जाळ्यात आला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर २०१८ च्या अखेरीपासून राज्य सरकार पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. ही योजना कोळ्यांपर्यंत आणखी पोचायला हवी.

जेटीवरून मन भरलं की रत्नदुर्गावर चढावं. तिथून बंदर पायाखाली दिसतं आणि घारींच्या पाठी वरून दिसतात, हे सुख दुसरीकडे क्वचित मिळतं. इथेच काकण बघायचा. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, करड्या पाठीचा, पाचरीसारख्या शेपटीचा. आंबा, वड, सुरू अशा उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं करतो आणि वर्षानुवर्षं त्यावरच भर घालत राहतो. मासे खातोच, पण समुद्रसाप त्याला फार आवडतात. घरट्याखाली त्यांचे सांगाडे सापडतात. इथल्या पक्ष्यांच्या नोंदी तशा जुन्या आहेत: जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८८० मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमच्या 'स्ट्रे फेदर्स' नियतकालिकात दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली. आज कोकणात पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावी असं मला वाटतं. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने किनारपट्टीवर काकणाची घरटी शोधली आणि ज्यांच्या आवारात ती झाडं होती त्या मालकांना गाठून ती राखण्यासाठी प्रयत्न केले. याच संस्थेचं वेळासचं कासवांचं काम सर्वांना माहीत आहे. काकणाचं काम मला तितकंच मोलाचं वाटतं.

आता आफ्रिकेकडे वळतो, कारण ती वाटते तितकी लांब नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अमूर ससाणे सायबेरिया-चीनकडून नागालँडला थांबून, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडतात आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. नागालँडच्या वोखा जिल्ह्यातल्या पांगती गावाजवळ २०१२ मध्ये त्यांची प्रचंड कत्तल उघडकीला आली. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती बंद केली आणि उपग्रह-यंत्र लावलेल्या ससाण्यांपैकी एकाचं नाव पांगती ठेवलं गेलं. त्याच सुमारास चतुरांचेही लोंढे त्याच दिशेने समुद्रावर निघतात, आणि हेच ससाण्यांचं वाटेतलं अन्न असावं असं अभ्यासक मानतात. आपला चातकही पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो. सफारीला गेलेल्या माणसाला डिसेंबरात क्रूगर उद्यानातल्या तारेवर बसलेला दिसणारा अमूर ससाणा काही आठवड्यांपूर्वी कोकणावरून गेलेला असू शकतो. गाइड त्याच्याकडे बोट दाखवत नाही, आपण विचारायला हवं.

पावसाळ्यात बंदर थंडावतं, कुरव नसतात, पण खोल समुद्राचे पक्षी याच दिवसांत किनाऱ्यावर येऊन पडतात. बूबी, शिअरवॉटर, गडद पाठीचे समुद्री सुरय वादळी वाऱ्याने थकून पुळणीवर बसलेले सापडतात. त्यांना परत लाटांत ढकलू नका, ते बुडतात. तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. बूबीची चोच धारदार असते, उचलताना टॉवेल घ्या.

वाचकांना दोन विनंत्या. मुंबईच्या एलिफंटा-मांडव्याच्या लाँचवर कुरवांना शेव-गाठ्या टाकतात, ती खोड आपल्या मांडवीच्या जेटीवर आणू नका. तेलकट मिठाचं खाणं त्यांच्यासाठी नाही, त्यांना समुद्रात भरपूर मिळतं. आणि या हिवाळ्यात मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेलात तर कुरवांचे, विशेषतः उघडलेल्या पंखांचे, फोटो काढा आणि तारखेसह ई-बर्डवर टाका. पक्षी ओळखता आला नाही तरी चालेल, ओळखणारे पुष्कळ आहेत. पक्षी बघणारे अभयारण्यांत जातात, मासळी बंदरावर फार थोडे येतात, म्हणून इथली प्रत्येक नोंद हवी आहे. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम, सकाळी लवकर, आणि पायात गमबूट.