कॉफीच्या सालीचा सदुपयोग

कॉफीचे पिकलेले फळ यंत्रात घातले म्हणजे बी निराळे होते व साल आणि गर मागे उरतो. ओल्या फळाच्या वजनात ह्याचा वाटा सुमारे ४० टक्के असतो. तो उघड्यावर टाकल्यास लवकर आंबतो आणि पावसाबरोबर ओढ्यात उतरून पाणी नासवितो.

सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून कॉफीचे बी चिकमगळूरच्या डोंगरावर आणले, अशी परंपरा आहे. तेथील सालीचे पेय मात्र आपल्याकडे रुजले नाही. वाळलेली साल सुंठीबरोबर उकळून येमेनी लोक 'किश्र' करतात. युरोपीय संघानेही २०२२ साली अशा सालीच्या पेयांस विक्रीची परवानगी दिली.

साल खाण्याच्या कामी राखावयाची, तर पुढील दक्षता घ्यावी. नुकतेच कीटकनाशक फवारलेली फळे वापरू नयेत. पूर्ण पिकलेली, निरोगी फळे निवडून धुवावीत. साल त्याच दिवशी जमिनीपासून उंच जाळीवर पातळ पसरावी, वारंवार हलवावी आणि रात्री दवापासून झाकावी. ती कुरकुरीत वाळल्यावरच हवाबंद डब्यात भरावी. बुरशी दिसल्यास ती साल पेयासाठी मुळीच घेऊ नये. बुरशीचे विष उकळल्याने जात नाही. सालीत कॅफीन असल्याने हे पेय लहान मुलांना देऊ नये व गरोदर स्त्रियांनी टाळावे.

अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यास कॉफीची लागवड आहे. तेथील ग्रामसेवकांनी प्रथम थोड्या सालीवर ही रीत शेतकरी बंधूंना दाखवावी. विक्री करावयाची झाल्यास आधी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. उरलेली साल शेणाबरोबर कुजवून खत करावे. ओढ्यात टाकू नये.