एस. व्ही. म्हणजे कोण?

संपादकांनी एका जुन्या पुस्तकाच्या झेरॉक्स हातात ठेवल्या आणि म्हणाले, "उपनगरांचं असं काही होतंय का, बघा." पुस्तक सॅम्युअल टी. शेपर्ड या 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या पत्रकाराचं. मुंबई शहरातल्या जागांची आणि रस्त्यांची नावं कुठून आली, हे त्याने १९१७ साली नोंदवून ठेवलं. माहीमच्या खाडीपलीकडे मात्र त्याचा विषय नव्हता. तिथे दुसरं बेट सुरू होत होतं, साष्टी.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी त्या बेटावरची. आपण बेटावर राहतो हे तिथल्या कुणाला आठवतही नाही, इतके आता पूल झालेत. त्यातला माहीमचा कॉजवे १८४५चा. त्यासाठी लेडी अवाबाई जमशेटजी यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, तेही टोल घ्यायचा नाही या अटीवर. माहीमला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. लोक त्याला एल. जे. रोड म्हणतात.

अधिकृत इतिहास थोडक्यात संपतो. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत ही गावं मुंबई महापालिकेत आली. रस्त्याला नाव देण्याचा अधिकार १८८८च्या महापालिका कायद्यातून येतो. नगरसेवक प्रस्ताव मांडतो, तो समित्यांतून सरकत सभागृहात जातो, मंजूर होतो, पाटी लागते, नारळ फुटतो. पुढे त्या नावाचं काय होतं, ते कायद्यात नाही.

पुढे ते चरकात जातं. घोडबंदर रोडचा झाला स्वामी विवेकानंद मार्ग आणि त्याचा एस. व्ही. रोड. आग्रा रोडचा लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे एल. बी. एस. बोरिवलीत लोकमान्य टिळक एल. टी. झाले, मुलुंडला नेताजी सुभाष एन. एस. आणि सरोजिनी नायडू एस. एन. ही नुसती अक्षरांची उलटापालट नव्हे, दोन वेगळी माणसं आहेत, हे पत्ता सांगणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. अंधेरी पूर्वेला मी रिक्षावाल्याला मुद्दाम म्हटलं, "मथुरादास वसनजी मार्ग." त्याने मीटरवरचा हात मागे घेतला. "वो किधर आया?" अंधेरी-कुर्ला रोड म्हटल्यावर मीटर पडला.

मला सगळ्यात जास्त चुटपुट दादाभाईंची लागते. म्हातारपणी ते वर्सोव्याला राहत होते. शेपर्डचं पुस्तक निघालं त्याच वर्षी, जून १९१७मध्ये, ते गेले. जवळच्या वसाहतीला त्यांचं नाव दिलं, दादाभाई नौरोजी नगर. आज मेट्रोची उद्घोषणा 'डी. एन. नगर' म्हणते आणि दार उघडतं. पलीकडे चकाल्याला जमनालाल बजाज तर स्थानकाच्या पाटीवर कंसात बसलेत, जे. बी. नगर म्हणून.

या चरकातून सहीसलामत सुटतात ती मापांची नावं. साठ फुटी, नव्वद फुटी, एकशेवीस फुटी. घाटकोपरला नव्वद फुटी आहे, मुलुंड पूर्वेला आहे, साकीनाक्यालाही आहे. आराखड्यातली रुंदी हेच नाव. फेरीवाले, पार्किंग आणि गटाराचं काम वजा करून उरलेला रस्ता कुणी टेप लावून मोजू नये, एवढंच. बोरिवलीच्या बाभईला टी. पी. एस. रोड आहे. हे 'टाउन प्लॅनिंग स्कीम'चं लघुरूप, म्हणजे फायलीवरचा शेराच पत्ता होऊन बसला. आद्याक्षरं आधीपासूनच असल्यामुळे चरकाला इथे कामच नाही.

सात बंगला, चार बंगला ही नावंही अशीच चिवट. बंगल्यांच्या जागी मजल्यावर मजले चढले, तरी बसथांबा हटत नाही. मेट्रोने वर्सोवा-घाटकोपर मार्गावर असल्फा, साकीनाका, मरोळ नाका ही बोलण्यातली नावं जशीच्या तशी उचलली, हे मला शहाणपणाचं वाटतं. पण मग स्थानकांच्या नावांआधी पैसे मोजणाऱ्या कंपन्यांची नावंही चिकटू लागली.

गावांचं जास्त अवघड आहे. अंधेरी पूर्वेच्या एकोणीस बौद्ध लेण्यांना जवळच्या देवळावरून महाकाली लेणी म्हणतात आणि रस्ता महाकाली केव्हज रोड. ज्या गावची ती लेणी, ते कोंडिविटा एका लहानशा रस्त्याच्या पाटीवर उरलंय. शेजारी १९७३ साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभं राहिलं. त्याच्या कुंपणाआत १५७९च्या चर्चचे अवशेष आहेत. चर्चभोवतीची वस्ती साथीच्या भीतीने एकोणिसाव्या शतकातच मरोळला सरकली होती. आत जायला आता पास लागतो.

नवीन नावांची भूक मात्र वाढतेच आहे. रस्ते पुरेनात म्हणून चौक आले, चौक पुरेनात म्हणून दोन गल्ल्या मिळतात त्या कोपऱ्यालाही चौक म्हणायचं ठरलं. मार्च २०२२मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आला. या खात्यापुरती ती विश्रांतीच होती, असं म्हणण्याचा मोह होतो. पण लोकांनी निवडलेलं सभागृह नसताना नाव द्यायचं कुणी, हाही प्रश्न होताच.

त्याहून नाजूक गोष्ट जातींची. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. ज्या नावाने माणसाला पत्ता सांगताना मान खाली घालावी लागते ते जायलाच हवं, त्यात जुनं जपण्याचा हट्ट नको. पण अंधेरीच्या तेली गल्लीचं काय? तेली ही जात, आणि घाण्याचा धंदाही. ठरवायचंच तर तिथे राहणाऱ्यांना विचारून ठरवावं, असं मला वाटतं. गल्ली आहे गोपाळ कृष्ण गोखले पुलाच्या पूर्व टोकाला. या पुलाचा भाग जुलै २०१८मध्ये कोसळला. फेब्रुवारी २०२४मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा पश्चिमेचा सी. डी. बर्फीवाला पूल तिच्याहून दीडेक मीटर खाली राहिला होता. बर्फीवाला हे स्थानिक स्वराज्य संस्थांचे अभ्यासक. त्यांचा पूल नंतर उचलून जुळवला. हे काम चाललेलं असताना महापालिकेच्या पत्रकांत पूर्वेच्या जोडपुलाचं नाव यायचं ते 'तेली गल्ली पूल' असंच.