सफरचंदाच्या पोटातली चांदणी

डिसेंबरच्या सुट्टीत कतारला जाण्याचा योग आला. माझी धाकटी बहीण नोकरीनिमित्त दोहा शहरी राहते. तिचा मुलगा पाच वर्षांचा. शाळेत इंग्रजी आणि थोडी अरबी, घरी क्रिओल. मराठी मात्र नावापुरती. दर शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मॉरिशसहून आमच्या आईचा फोन येतो. "जेवलास का रे?" ती विचारते. नातू "हो" म्हणतो आणि फोन बहिणीच्या हाती देतो. आजीला नातू आहे, पण त्याच्याशी बोलणे नाही. ही खंत आम्हा दोघी बहिणींना आहे.

एका सकाळी तो 'ए फॉर ॲपल' गिरवीत बसला होता. वहीतले चित्र लाल रंगाने भरले होते. मी दुकानातून लाल, हिरवी व पिवळी सफरचंदे आणली. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात कित्येक आठवडे चांगली थंडी लागते. ती दोह्यातही नाही आणि आपल्या बेटावरही नाही. दोन्हीकडे हे फळ बाहेरून येते, पण मुलांच्या ओळखीचे आहे.

प्रथम त्याने रंगांप्रमाणे फळांच्या रांगा लावल्या आणि कोणती रांग लांब ते सांगितले. मग आम्ही पाण्याने बादली भरली. "बुडेल की तरंगेल?" मी विचारले. "बुडेल!" तो म्हणाला. फळ तरंगले! सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाव भाग हवेचा असतो, म्हणून ते तरंगते.

नंतर मी फळ नेहमीप्रमाणे उभे न कापता आडवे कापले. मधोमध पाच टोकांची चांदणी दिसली. तो फळाकडे बघतच राहिला. मग त्याने प्रत्येक कप्प्यातल्या बिया मोजल्या. एका फोडीवर लिंबू पिळले, दुसरी तशीच ठेवली. थोड्या वेळाने साधी फोड तांबूस झाली, लिंबाची पांढरीच राहिली. हवेतील प्राणवायूने गर काळवंडतो आणि लिंबाचा आंबटपणा ते रोखतो, एवढे त्याला पुरे झाले. उरलेले अर्धे फळ रंगात बुडवून कागदावर ठसे उमटविले.

हे सारे करताना मी मराठीच बोलत होते. लाल, हिरवे, आडवे, उभे, बुडते, तरंगते: प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या हातात काहीतरी होते, म्हणून अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. मग नावांचा खेळ झाला. अरबीत सफरचंदाला 'तुफ्फाह', क्रिओलमध्ये 'पोम'. बटाटा 'पोमदेतेर' आणि टोमॅटो 'पोमदामूर', म्हणजे तेही पोमचेच भाऊबंद! अरबीत 'सफरजल' नावाचे दुसरे एक फळ आहे. ते नाव आपल्या सफरचंदाच्या किती जवळचे!

प्रशिक्षण घेताना मी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी वाचले होते. त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. महागड्या साधनांऐवजी खडे, पाने, बिया, शिंपले मुलांच्या हाती दिले. मुलाच्या परिसरात जे असेल, तेच त्याचे साधन. दोह्यात खजूर घ्यावा, आपल्याकडे लिची किंवा पेरू. महत्त्व फळाला नाही, हाताला आणि भाषेला आहे.

हा पाठ घरी किंवा वर्गात करताना सुरी मोठ्यांच्याच हाती असावी. लहानग्यांना फोडी अगदी पातळ द्याव्यात, आणि बिया कोणी चावू नयेत.

त्या शुक्रवारी आजीचा फोन आला. "जेवलास का रे?" या वेळी "हो" म्हणून तो थांबला नाही. "आजी, सफरचंदाच्या पोटात चांदणी आहे!" पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "अरे, इतकी वर्षे मी सफरचंद कापते, मला कशी दिसली नाही? कशी कापायची, सांग बरे!"

तो "आडवी, आजी, आडवी!" म्हणून सांगू लागला. त्या दिवशी फोन बराच वेळ त्याच्याच हातात राहिला.

पालकहो, आपल्या घरी आज कोणते फळ आहे? ते कापताना मुलांना जवळ बोलवा आणि दोन शब्द मराठीत बोला.