पुतळी आणि मारेंगो

हातकणंगले तालुक्यांतील हुपरी गांव चांदीच्या कामासाठीं प्रसिद्ध आहे. त्या भागांतील घराघरांत ‘पुतळ्यांची माळ’ हा सोन्याचा दागिनाहि परिचित आहे. परंतु तिचा मूळ नमुना इटलींतून आला, हें थोड्यांनाच ठाऊक असतें.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकानें १२८४ सालीं सोन्याचें डुकॅट काढलें. वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, सोनें जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्कपुढें गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तेथील राज्यप्रमुख. दुसऱ्या बाजूस तारकांनीं वेढलेला येशू. पांच शतकें कस ढळला नाहीं, म्हणून व्यापारांतून आलेलें हें नाणें आपल्या सराफांनीं विश्वासानें घेतलें. त्यावरील मनुष्याकृतींमुळें तें ‘पुतळी’ झालें.

१७९७ सालीं नेपोलियननें तें प्रजासत्ताक संपविलें. मूळ नाण्यांचा ओघ आटला, पण हौस आटली नाहीं. येथील सोनार नकला घडवीत राहिले. लॅटिन अक्षरें अपरिचित असल्यानें त्यांच्या जागीं नुसत्या रेघा आल्या. म्हणून संग्राहकानें प्रथम अक्षरें पाहावींत. डोजचें नांव स्पष्ट लागलें, तर नाणें व्हेनिसचें असण्याचा संभव अधिक. रेघाच असल्या, तर तें बहुधा एतद्देशीय.

एकोणिसाव्या शतकांतील नाण्यांची कथा निराळी. १४ जून १८०० रोजीं मारेंगो येथें नेपोलियननें ऑस्ट्रियाचा पराभव केला. त्याच्या स्मरणार्थ १८०१ सालीं ट्युरिनच्या टांकसाळींत वीस फ्रँकचें नाणें पडलें. ‘मारेंगो’ हें त्याचें नांव पुढें वीस लिरांच्या नाण्यांनाहि मिळालें. त्याचें वजन ६.४५ ग्रॅम, पैकीं दहांत नऊ भाग सोनें. विक्तोर इमॅन्युएल राजाच्या १८६१ पूर्वींच्या नाण्यांवर तो लॅटिन भाषेंत सार्दिनिया, सायप्रस व जेरुसलेम यांचा राजा म्हणवितो. १७ मार्च १८६१ रोजीं इटलीचें राज्य घोषित झाल्यानंतर मात्र नाणें इटालियन भाषेंत ‘इटलीचें राज्य’ असें सांगतें. राजा तोच, वजन तेंच. पण अक्षरांत एक राष्ट्र जन्मास आलेलें दिसतें.

कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्स येथें निवर्तले, तेव्हां तें शहर या नव्या राज्याची राजधानी होतें. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचा दहनविधि झाला. तेथें १८७४ सालीं उभारलेली छत्री आजहि आहे. त्या वर्षांतील मारेंगो कोल्हापूरकराला म्हणूनच परका वाटूं नये.

शेवटीं एक विनंति. जुनी पुतळी मोडींत घालण्यापूर्वीं तिचें वजन करावें, दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, ती कोणाकडून आली हें लिहून ठेवावें. चकाकीसाठीं ती घांसूं नये. तिला जोडलेली कडी बाजारांत किंमत कमी करील. तथापि तें नाणें आपल्याकडे दागिना झालें, याची तीच खूण आहे. मुशींत घातलेल्या पुतळीचें सोनें परत मिळतें. तिची साक्ष मिळत नाहीं.