बंदी महासंघावर, वर्ष पैलवानाचं

खेळाच्या कोट्यातून प्रवेश मिळावा म्हणून दिल्लीच्या कॉलेजात आलेल्या पैलवानाजवळ बुटांच्या पिशवीसोबत एक फाइल असते. प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेली प्रमाणपत्रं. महासंघावरच्या बंदीचा खरा हिशेब या फाइलीत सापडतो.

‘बंदी पदाधिकाऱ्यांवर, पोरांचं काय बिघडतं?’ हा सर्रास गैरसमज. मुदतीत निवडणुका न झाल्याने जागतिक कुस्ती संघटनेने ऑगस्ट २०२३मध्ये भारतीय कुस्ती महासंघाला निलंबित केलं. पुढच्याच महिन्यात बेलग्रेडला अंतिम पंघालने ५३ किलो गटात कांस्यपदक आणि देशासाठी पॅरिस ऑलिंपिकचा कोटा मिळवला, पण तिरंग्याखाली नाही. म्हणजे ‘बंदीत खेळताच येत नाही’ हेही खरं नाही.

मोठ्या मल्लांना अशी वाट निघते. विशीच्या आतल्यांचं काय? २१ डिसेंबरला निवडणूक झाली. नव्या महासंघाने १५ आणि २० वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा वर्षअखेरीस जाहीर केल्या. पोरांचं वर्ष वाया जाऊ नये, हे कारण सांगितलं. घाईने घोषणा केल्याचा ठपका ठेवत क्रीडा मंत्रालयाने २४ डिसेंबरला महासंघच निलंबित केला. कुस्तीत वयोगट जन्मवर्षावर ठरतो. २०२३मध्ये विशी गाठलेल्याला २०२४मध्ये त्या गटाचं दार बंद!

जानेवारी २०२४मध्ये याच महासंघाने पुण्यात वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा घेतली. तिची प्रमाणपत्रं सरकारी नोकरी किंवा कोट्यातल्या प्रवेशासाठी ग्राह्य नाहीत, असं मंत्रालयाने बजावलं. निलंबित महासंघाच्या जागी कारभार पाहणाऱ्या हंगामी समितीची वेगळी स्पर्धा फेब्रुवारीत जयपूरला झाली. घाम तोच, आखाडा तोच, पण एका कागदाला किंमत आणि दुसऱ्याला नाही. हा अन्यायच होता.

‘बंदी उठली की संपलं’ हाही भ्रमच. जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२४मध्ये बंदी उठवली. मंत्रालयाने मात्र थेट मार्च २०२५मध्ये. अमेरिकेतलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७चा फुटबॉल हंगाम रद्द झाला, १९८८लाही संघ उतरला नाही. एकेकाळी देशात आघाडीवर असलेल्या या संघाला हंगामानंतरचा मानाचा ‘बोल’ सामना पुन्हा खेळायला मिळाला तो २००९मध्ये.

पालकांनो, पोराला स्पर्धेला धाडण्याआधी एवढं विचारा: ही स्पर्धा कोण घेतंय, आणि तिचं प्रमाणपत्र मंत्रालय मानतं का?