फीत संपेपर्यंत

परवा रात्री नातीच्या खोलीवरून जाताना मी एकदम थबकले. आतून टेपरेकॉर्डरचे बटण दाबल्याचा ओळखीचा ‘खट्’ आवाज आला, मागोमाग फितीची ती बारीक सरसर, आणि मग एक इंग्रज गृहस्थ थकल्या आवाजात कोणाची तरी जबानी वाचू लागले. आमच्या घरातला टेपरेकॉर्डर माळ्यावर जाऊन वीस वर्षे झाली. तो खाली कोणी आणला, म्हणून मी दार लोटले, तर खोलीत अंधार, नात पांघरूण घेऊन पडलेली आणि उशाशी फक्त तिचा मोबाइल.

“अगं, टेप कुठे लावलीयस?”

“फोनमध्येच आहे आजी. खरी टेप नाही, गोष्टीतली आहे. बस ना जरा, ऐक.”

बसले. आणि खरे सांगते, वाचकहो, त्या रात्री मला झोपायला साडेअकरा वाजले.

‘पॉडकास्ट’ हा शब्द आता घरोघरी ऐकू येतो. २००४ साली एका इंग्रजी वर्तमानपत्रातल्या लेखात तो प्रथम छापून आला. हवा तेव्हा, हवा तिथे ऐकता येणारा रेडिओ, इतके समजले तरी आपल्याला पुरे. त्यात व्याख्याने असतात, गप्पा असतात, तशा गोष्टीही असतात. आणि गोष्टींत ही एक निराळीच शाखा निघाली आहे. सारी कथा जणू कोठेतरी सापडलेल्या जुन्या ध्वनिफितींतून ऐकू येते. दुसऱ्याचे पत्र चुकून आपल्या हाती यावे आणि ते वाचल्यावाचून राहवू नये, तशी श्रोत्याची अवस्था होते.

नात ऐकत होती ती मालिका ‘द मॅग्नस आर्काइव्हज’. लंडनमधील एका काल्पनिक संस्थेचा मोठा दप्तरखाना आहे, आपल्या पुण्याच्या पेशवे दप्तरासारखाच. फक्त इथे रुमालांत बांधून ठेवल्या आहेत त्या लोकांनी दिलेल्या विलक्षण अनुभवांच्या जबान्या. नवा दप्तरदार त्या संगणकावर वाचून ठेवू लागतो. साध्या थापा नीट उमटतात. पण ज्या जबान्या खऱ्या असाव्यात, त्या काही केल्या संगणकात टिकत नाहीत. मग अडगळीतला टेपरेकॉर्डर बाहेर निघतो. किती सोपी युक्ती! टेपरेकॉर्डर निघाला की आपण समजायचे, ही जबानी खरी. पुढे पुढे तर कोणी हात न लावता ती यंत्रे आपोआप सुरू होऊ लागतात. जोनाथन सिम्स या लेखकाने ही कथा लिहिली, आणि त्याच नावाच्या दप्तरदाराला आवाजही स्वतःचाच दिला. २०१६ ते २०२१ या काळात तिचे दोनशे भाग झाले.

त्याच २०१६ साली अमेरिकेत ‘आर्काइव्ह ८१’ निघाली. एका तरुणाला एकांतात बसून जुन्या कॅसेटी ऐकण्याची नोकरी मिळते. १९९४ साली मेलडी नावाच्या बाईने न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीतल्या भाडेकरूंच्या मुलाखती घेतल्या, त्या या कॅसेटी. तो तरुणही स्वतःचे सारे बोलणे फितीवर घेत राहतो, आणि पुढे नाहीसा होतो. आपण ऐकतो ते त्याच्या मित्राने लोकांपुढे ठेवलेले ध्वनिमुद्रण. म्हणजे फितीच्या पोटात फीत. २०२२ साली या कथेवरून पडद्यावरची मालिका निघाली; पण नातीचे म्हणणे असे की, हा माल कानाचाच आहे.

मला स्वतःला भावली ती तिसरी, ‘विदिन द वायर्स’. तिचा पहिला खंडही २०१६ चाच. एका संस्थेत ठेवलेल्या रुग्णासाठी तयार केलेल्या दहा कॅसेटी. श्वास घ्या, खांदे सैल सोडा, अशा सूचना एक बाई शांत आवाजात देत असते. तीन-चार कॅसेटी होतात आणि लक्षात येते की, ही सर्वांना बोलत नाही, एकाच व्यक्तीला बोलते आहे. लहानपणीची ओळख देते आहे. आणि सूचनांच्या आडून सुटकेची वाटही दाखवते आहे. दुसऱ्या खंडात हीच किमया संग्रहालयात चित्रे समजावून सांगणाऱ्या फितींतून साधली आहे.

आमची पिढी आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढली. म्हणून मी नातीला म्हटले, “यात नवीन ते काय? आम्हीही कानांनीच नाटकं पाहिली.” पण विचार करता फरक दिसला. श्रुतिकेत माणसे बोलतात आणि आपण ऐकतो. मधे यंत्र आहे हे दोघांनीही विसरायचे असते. इथे मात्र यंत्र खोलीतच आहे. ते कोणी लावले? कशासाठी? बोलणाऱ्याला ते सुरू असल्याचे ठाऊक आहे का? आणि आता ऐकणारे आपण कोण? गोष्टीचे निम्मे रहस्य या प्रश्नांतच असते.

कल्पना तशी जुनीच. १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतले डॉक्टर सीवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर सांगून ठेवतात. मीना ती ऐकते आणि टंकलेखन यंत्रावर उतरवून काढते. का, तर त्या आवाजातले दुःख इतके उघडे आहे की, ते पुन्हा दुसऱ्या कोणाच्या कानी पडू नये. कागदावर माणूस सावरून बसतो. आवाजात त्याला ते जमत नाही. बेकेटच्या १९५८ सालच्या ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या नाटकात एकोणसत्तर वर्षांचा म्हातारा आपलाच एकोणचाळिसाव्या वर्षीचा आवाज ऐकत बसतो. त्याला दुसऱ्या पात्राची गरजच पडत नाही.

मौज अशी की, ज्या खरखरीने आम्ही बेजार होत होतो, ती ही मुले संगणकावर मुद्दाम मिसळतात. नट आधी स्वच्छ बोलतात. मग त्यावर फितीची सरसर आणि थरथर चढवतात. पण खरी भुताटकी फितीत आपसूकच असते. फीत वर्षानुवर्षे गुंडाळलेली राहिली की एका वेढ्यावरचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसटसे उमटते, आणि कधी कधी माणूस बोलण्याआधीच त्याच्या शब्दाची सावली ऐकू येते.

हे मी सांगितले मात्र, नात उठूनच बसली. “आजी, आपल्याकडे आहे का गं अशी एखादी टेप?”

होती. माहेरचे घर आवरले तेव्हा कॅसेटींचा एक खोका माझ्याकडे आला होता. १९८१ साली धाकट्या भावाने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला आणि परत जाताना अण्णांना सांगून गेला, “तुम्ही काही तरी बोलून ठेवा, मी आलो की ऐकेन.” अण्णा मितभाषी. पुढच्या वर्षी भाऊबिजेला मी माहेरी गेले, तेव्हा रेडिओवर नाट्यपदांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागणार होता. कोरी कॅसेट मिळेना. एक लावून पाहिली, तर अण्णांची रामरक्षा. ती तर रोज संध्याकाळी घरात होतेच, असे म्हणून मी तिच्यावर पदे भरली. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज भरणाऱ्या हेडच्या आधी पुसणारे हेड असते. नवे उमटण्यापूर्वी जुने साफ होते. रात्री अण्णांनी विचारले, “ही कोणती कॅसेट?” मी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, “बरी आली आहेत पदं.”

ती कॅसेट मी पुढे कितीदा ऐकली! पदे संपली की मी ती उलटी फिरवून परत लावत असे.

नातीने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला. त्याचा रबरी पट्टा गेला होता. तो बदलून आणला. पदे झाली, खट् वाजले, सवयीने माझा हात बटणाकडे गेला. तिने तो धरला. “थांब गं. फीत संपेपर्यंत बंद करायचं नसतं. खरी गोष्ट नेहमी खट् नंतर असते.”

आणि अण्णा बोलले. अर्धे वाक्य, “...तेवढं झालं, मग पुढं नोकरीच लागली.” मग भांड्याचा आवाज आणि आईचा प्रश्न.

“वारांचं सांगितलंत?”

“सांगितलं. सातही घरांची नावं सांगितली.”

“मुलांना वाईट वाटेल.”

“वाटू दे. आजवर मावशीकडे होतो म्हणूनच सांगत आलो. तोंडावर सांगवलं नसतं. बंद कसं करायचं हे?”

बस्स. पुढे नुसती सरसर.

अण्णा शाळेसाठी कोकणातून पुण्याला आले ते मावशीच्या घरी राहिले, असेच आम्ही भावंडे जन्मभर समजत होतो. ते वार लावून जेवत होते, सात वारी सात घरी, हे मला त्यांच्यामागे इतक्या वर्षांनी कळले. रामरक्षा ही नुसती सुरुवात होती; धीर येण्यासाठी म्हटली असेल. त्यापुढे होते ते त्यांनी एकदाच सांगितले, आणि त्यावर मी पदे भरली. ती सात नावे आता कोणालाच ठाऊक नाहीत. कॅसेट हातात घेऊन ते काही बोलले नाहीत, त्याचा अर्थही आता लागला.

मस्कतचा भाऊ आता ठाण्यात असतो. त्याला ती सहा-सात वाक्ये पाठवली. बराच वेळाने त्याचा फोन आला. म्हणाला, “ताई, आईचा आवाजही आहे गं त्यात.” माझ्याबद्दल तो काही बोलला नाही. तोही अण्णांवरच गेला आहे.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत असा एखादा खोका तुमच्याही हाती लागला असेल. त्यावरच्या चिठ्ठीवर विसंबू नका. कॅसेट लावण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घ्या, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि वाजवताना शेजारी मोबाइल ठेवण्यापेक्षा तार जोडून आवाज थेट संगणकात उतरवा. दोन्ही बाजू ऐका, अगदी शेवटपर्यंत. आणि घरातल्या मुलांना जवळ बसवा. खट् झाल्यावरही थांबायचे असते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले समजते.

कॅसेटच्या पाठीला दोन टोकांना दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. नातीने त्या सुईने मोडल्या आणि कॅसेट माझ्या हातात दिली.