घरबसल्या शिकून शिक्षिका होता येतं का?



बचत गटाच्या बैठकीत वसुली झाली, वह्या लिहून झाल्या की इकडचं तिकडचं बोलणं सुरू होतं. त्यात हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कुणी बारावी झालेली असते, कुणी लग्नानंतर जिद्दीने बी.ए. पूर्ण केलेलं असतं. शिवणकाम चालू असतं, नाहीतर पापड-मसाल्याचा धंदा, नाहीतर घरी चार मुलांची शिकवणी. ती विचारते, "ताई, मोबाईलवर जाहिरात आलीय. घरबसल्या बी.एड., फक्त परीक्षेला या म्हणतात. करू का?"

आजचं बोलणं या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. उत्तर थोडक्यात असं: शिक्षिका होण्याच्या वाटेवरचा काही भाग घरी बसून पार करता येतो, काही भागासाठी मात्र वर्गात जावंच लागतं. कुठला भाग कुठला, आणि आधी काय करायचं, नंतर काय, हे कळलं तर पैसे आणि वर्षं दोन्ही वाचतात.

आमच्या भागातल्या एका ताईंचं उदाहरण सांगते. त्यांनी गटातून कर्ज काढून एका एजंटामार्फत परराज्यातल्या संस्थेत 'ऑनलाइन बी.एड.'ला नाव घातलं. दोन वर्षांनी प्रमाणपत्र हातात आलं. कागदपत्रं तपासायची वेळ आली तेव्हा विचारणा झाली, की संस्थेला मान्यता कुठे आहे, वर्गातली हजेरी कुठे आहे? त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एजंटाचा फोन बंद झाला आणि त्या मात्र शिलाईच्या पैशातून हप्ते फेडत राहिल्या. त्या हुशार आहेत, कष्टाळू आहेत. माहिती वेळेत मिळाली नाही, एवढंच कमी पडलं.

आता आपण पायरी पायरीने पाहू.

कोणत्या वर्गाला शिकवायचं आहे, हे आधी ठरवा. पहिली ते पाचवीसाठी बारावी आणि दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. जुन्या लोकांच्या तोंडी हिला अजून डी.एड.च म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि डी.एल.एड. किंवा बी.एड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी त्या विषयातली एम.ए. किंवा एम.एस्सी.सारखी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. 'बी.एड. केलं की कुठल्याही वर्गाला शिकवता येतं' असं अजून बरेच जण सांगतात. ते खरं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता धरता येत नाही. लहान मुलांना शिकवायची आवड असेल, तर वाट डी.एल.एड.चीच आहे.

आता ऑनलाइनचा मुद्दा. शिक्षकांच्या प्रशिक्षणाला मान्यता देण्याचं काम राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद करते. तिला सगळे एन.सी.टी.ई. म्हणतात. तिच्या नियमाप्रमाणे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचा आहे. त्यात २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करायचं असतं, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. वर्गात किमान ८० टक्के आणि शाळेतल्या कामात ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे पाठ घ्यायचा, मागे बसलेल्या प्राध्यापकांनी तो पाहायचा, चुका सांगायच्या, पुन्हा घ्यायचा. पोहणं जसं काठावर बसून येत नाही, तसं हे फोनवर व्हिडिओ बघून येत नाही. म्हणून 'फक्त परीक्षेला या' असं जो सांगतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

इथे कुणी म्हणेल, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बी.एड. आहे, इग्नूचाही आहे, त्याचं काय? ते अभ्यासक्रम खरे आहेत. पण ते सगळ्यांसाठी नाहीत. प्राथमिक शाळेत नोकरी करणारे प्रशिक्षित शिक्षक, किंवा डी.एल.एड.सारखं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आधीच प्रत्यक्ष वर्गात बसून पूर्ण केलेले उमेदवार, अशांसाठी ती सोय आहे. नुसत्या बी.ए.वर तिथे प्रवेश मिळत नाही.

मग घरी राहून काय करता येतं? एम.ए. करता येतं. मुक्त विद्यापीठातून किंवा मान्यता असलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून मिळालेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. अट एकच, त्या विद्यापीठाला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाची परवानगी असली पाहिजे. ती यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. प्रवेशासाठी लागणारा 'डेब आयडी'ही तिथेच निघतो. तो स्वतः काढा, एजंटाच्या मोबाईल नंबरवर काढू देऊ नका.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. या वेगळ्या गोष्टी आहेत. नावात 'शिक्षण' आहे म्हणून एम.ए. शिक्षणशास्त्र केलं की शाळेत लागता येतं, असं होत नाही. ती विषयाची पदवी आहे, शिकवण्याचं प्रशिक्षण नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: एम.ए. आधी की बी.एड. आधी? याचं उत्तर तुमच्या गुणपत्रिकेत आणि जन्मतारखेत आहे.

बी.एड.च्या प्रवेशासाठी पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गाला नियमाप्रमाणे सवलत आहे. समजा, एका मैत्रिणीला बी.ए.ला ५६ टक्के आहेत आणि तिला हायस्कूलवर शिकवायचं आहे. तिने एम.ए.साठी थांबायचं कारण नाही. सीईटी कक्षाची बी.एड.ची प्रवेश परीक्षा द्यावी आणि थेट प्रवेश घ्यावा. एम.ए. तिला नंतर, शाळेत काम करता करता, घरून करता येईल. दुसरी मैत्रीण खुल्या प्रवर्गातली आहे आणि तिला बी.ए.ला ४६ टक्के आहेत. तिच्यासाठी घरून केलेलं एम.ए. हाच पुढचा दरवाजा आहे. तिथे ५० टक्क्यांच्या वर गेली, की हायस्कूलच्या वाटेवरचा अडसर निघतो. तिने मराठी, हिंदी, इंग्रजी, इतिहास, भूगोल असा शाळेत शिकवला जाणारा विषय निवडावा.

आता वयाचा हिशेब. जिल्हा परिषदेच्या भरतीत कमाल वय साधारणपणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असतं. तुम्ही ३४ वर्षांच्या असाल आणि दोन वर्षं एम.ए., दोन वर्षं बी.एड. केलं, तर ३८ इथेच झाले. त्यात भरती काही दरवर्षी निघत नाही. म्हणून बी.ए.चे गुण पुरेसे असताना आधी एम.ए.त दोन वर्षं घालवणं परवडणारं नाही. वय कोणत्या तारखेला मोजणार, ते प्रत्येक जाहिरातीत दिलेलं असतं. तेही वाचायचं.

प्रशिक्षणानंतर दोन परीक्षा आहेत. पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. ती पहिली ते आठवीसाठी लागते. पेपर एक पाचवीपर्यंतचा, पेपर दोन सहावी ते आठवीचा. प्रत्येक पेपर १५० गुणांचा. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण मिळवावे लागतात, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि एकदा पास झालं की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. टीईटीतून आता सुटका नाही. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत असलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती पास व्हायला सांगितलं आहे.

दुसरी परीक्षा टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता आणि बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, २०० गुण, दोन तास, सगळं संगणकावर. नावं सारखी वाटतात, पण पहिली परीक्षा पात्रतेची आणि दुसरी भरतीसाठी गुण मिळवण्याची. या गुणांवर 'पवित्र' पोर्टलवरून जिल्हा परिषदांच्या आणि अनुदानित शाळांच्या जागा भरतात. दोन्ही परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. यांचा अभ्यास मात्र खुशाल घरी करा. दीक्षा ॲप आणि स्वयम् पोर्टलवरचं शिक्षण मोफत आहे, फक्त स्वयम्‌च्या प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडतं. टीईटीतल्या बालमानसशास्त्राच्या ३० प्रश्नांमध्ये घरात मुलं वाढवलेल्या बाईला बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतील.

आता पैशाचं बोलू, कारण ते माझं रोजचं काम आहे. फीसाठी गटाचं कर्ज काढताना विचार करा. गटाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो आणि तुमची कमाई निदान अडीच-तीन वर्षांनी. बँकेच्या शैक्षणिक कर्जात शिक्षण संपेपर्यंत आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता थांबवण्याची सोय असते. म्हणून फीसाठी बँक आणि फॉर्म, एस.टी.चा पास, पुस्तकं अशा छोट्या खर्चासाठी गट, अशी वाटणी करा. महाडीबीटीवर आपल्याला कोणती शिष्यवृत्ती किंवा फी-सवलत लागू होते, तेही प्रवेशाच्या वेळीच विचारा. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. २०२३ पासून ते प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार आहे. पूर्ण पगार त्यानंतर. घरच्यांना हे आधीच सांगा, म्हणजे पहिल्या महिन्यात कुणाचा हिरमोड होणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी फक्त आपल्या वाट्याला येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बी.ए.च्या प्रमाणपत्रावर तिसरंच काहीतरी. जातीचा दाखला बहुधा माहेरच्या नावाने. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रात नावबदल ही दोन कामं आजच करून ठेवा. तपासणीच्या दिवशी तहसीलच्या चकरा मारायला वेळ नसतो.

घरात बोलतानाही नेमकं बोला. 'मला शिकायचंय' एवढंच म्हटलं तर 'बघू' असं उत्तर येतं. 'दोन वर्षं रोज सकाळी जाऊन दुपारी यायचं आहे, दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेची पूर्ण वेळ पाळायची आहे, तेव्हा मुलांचा डबा कोण बघणार?' असं विचारलं, की घर कामाच्या वाटणीवर बोलायला लागतं. सावित्रीबाईंनीसुद्धा शिकवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. मग आपल्याला त्यासाठी घराबाहेर पडावं लागलं, तर त्यात संकोच कसला?

शेवटी, पैसे भरण्याआधीचे तीन प्रश्न लिहून घ्या. एक: या कॉलेजचं नाव एन.सी.टी.ई.च्या यादीत आहे का? दोन: रोजची हजेरी आणि शाळेतले पाठ कुठे होणार? तीन: पावती कॉलेजच्या नावाने मिळणार की एजंटाच्या? एकाही प्रश्नाला सरळ उत्तर आलं नाही, तर उठून या.

तोवर एक काम करा. गटाच्या पुढच्या बैठकीला येताना दहावीपासूनच्या गुणपत्रिका पिशवीत घालून आणा. टक्के, वय आणि नाव या तीन गोष्टी आपण मिळून तपासू, आणि कुणी कुठून सुरुवात करायची ते ठरवू.